सूर्यभानचा भोंगा

आमच्या दर्यापुरात माणूस दोनदा मरतो. एकदा घरी नाहीतर दवाखान्यात, आणि दुसऱ्यांदा सूर्यभान वानखडेच्या भोंग्यावर. पहिल्या मरणावर लोकांचा फारसा विश्वास नसतो. डॉक्टरांनी मान हलवली तरी एखादा मामा म्हणतोच, "एकदा अकोल्याले दाखवून पाहू." पण सूर्यभानची ऑटो गल्लीतून फिरून गेली की विषय संपला. मग बायका पदर सावरून निघतात आणि पुरुष चपला शोधायला लागतात.

ऑटो जुनी, टपावर पुढे-मागे तोंड केलेले दोन भोंगे, आत बॅटरी आणि रुमालात गुंडाळलेला माइक. साड्यांचा सेल, शिकवणीवर्ग, नगरपालिकेचं पाणी, हरवलेली बकरी, सगळ्या जगाची खबर याच भोंग्यांतून आम्हाला मिळते. सूर्यभान माइकवर आला की रेडिओसारखं शुद्ध बोलतो. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की." माइक बंद केला की लगेच, "काय पाहून राह्यला बे, सर ना बाजूले!" पंचावन्न वर्षांच्या त्या माणसात दोन जिभा सुखाने नांदतात.

पण सूर्यभानची खरी ओळख म्हणजे त्याचा हट्ट. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो भोंग्यावर बोलत नाही. सेलची जाहिरात द्यायला आलेल्या दुकानदाराला म्हणणार, "आधी साडी दाखवा, जुनी किंमत दाखवा." शिकवणीवाल्या सरांनी "आमचा विद्यार्थी तालुक्यात पहिला" असं लिहून दिलं, तर हा त्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन गुणपत्रिका पाहून आला. पोरगा तिसरा होता. भोंग्यावरून तिसराच सांगितला. मी इथल्या कोर्टात वकिली करते, खोट्या साक्षीदारांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लंय, त्यामुळे या माणसाबद्दल मला पहिल्यापासून माया आहे.

मरणाच्या बाबतीत तर त्याचा नियम फारच कडक होता. निरोप आला की तो आधी त्या घरी जायचा. दारात टोपी काढायचा, चेहरा पाहायचा, हात जोडायचा आणि मग ऑटोत बसून माइक हातात घ्यायचा. घरातले लोकही एकमेकांना विचारायचे, "सूर्यभान येऊन पाहून गेला का?"

त्याची बायको पंचफुला. आमच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर आहे आणि माझे ब्लाउज तीच शिवते. तिला दमा आहे, बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. एकाच घरात नवऱ्याचा आवाज गावभर जातो आणि बायकोचा शिलाई मशीनच्या पलीकडे जात नाही. मात्र घरात चालतं तिचंच. सूर्यभानने लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी तिचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. "आयकतं का वं" हेच तिचं नाव.

मग तो आजार आला. पहिल्या वर्षी सूर्यभानला उसंत नव्हती. मास्क लावा, अंतर ठेवा, विनाकारण बाहेर पडू नका. लोक भोंगा ऐकायला म्हणून बाहेर यायचे आणि घोळक्याने उभे राहून "अंतर ठेवा" ऐकायचे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, बाकी महाराष्ट्र अजून लग्नं लावत होता तेव्हा, आमचा अमरावती जिल्हा बंद झाला. एप्रिल तर आठवू नये असा होता. एकाच दिवसात ऑटो दोन-दोन, तीन-तीनदा फिरायची. कोर्ट बंद, मी ओट्यावर बसून असायची. माझे वडील हरिहरशास्त्री दहाव्याचे विधी फोनवरून सांगायचे. तिकडून रडण्याचा आवाज आला की ते मंत्र थांबवायचे आणि चष्मा पुसत बसायचे.

त्या महिन्यात सूर्यभानचा नियम पाळणं कठीण होऊन बसलं. माणूस अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या दवाखान्यात जायचा आणि तिकडूनच परस्पर स्मशानात. घरच्यांनाच चेहरा दिसत नव्हता, तर याला कोण दाखवणार? गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधलेले. मग त्याने एक तोड काढली. बांबूजवळ उभं राहून घराकडे पाहायचं. घरचं माणूस रडताना डोळ्यांनी दिसलं, की घोषणा करायची.

"रडनारं मानूस पाह्यलं म्हंजे अर्धं पाह्यलं, वकीलबाई," तो मला म्हणाला होता. मला ते पटलं होतं. अर्धा पुरावा बरेचदा पुरतो.

आता रामराव गावंडे. दोन गल्ल्या पलीकडचे शेतकरी, सत्तरीचे, आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. एका सकाळी ते अंगणात दात घासत उभे असताना एक कावळा आला आणि त्यांच्या डोक्यावर पंजा मारून गेला. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवणं म्हणजे साक्षात बोलावणं. त्यावर उपायही ठरलेला आहे. ज्याला कावळा शिवला त्याच्या मरणाची खोटी खबर लांबच्या नातेवाइकांना द्यायची. ते खरोखर रडले की मरण फसतं आणि माघारी जातं. संध्याकाळी दिवस मावळल्यावर खरं सांगायचं. मग सगळे शिव्या देतात, हसतात, माणसाचं आयुष्य वाढतं. फक्त दिवसभर त्या माणसाने कुणाच्या नजरेस पडायचं नाही.

रामरावांची बायको पार्वताबाई एरवी व्यवहाराला पक्की, पण तो एप्रिल होता. शेजारच्या घरात आजार निघाल्याने त्यांच्या गल्लीला बांबू लागले होते आणि रोज कुणीतरी जात होतं. त्यातच कावळा आला. तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, तो शिव्या घालेल म्हणून. दुपारी ते जेवून कूलरसमोर झोपले, तेव्हा तिने अंजनगाव सुर्जीला नणंदेला फोन लावला, "तुमचे भाऊ गेले वो बाई," एवढंच म्हणाली आणि फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवून दिला. कोणी उलट विचारलं तर खोटं टिकायचं नाही, हे तिला माहीत होतं.

जुन्या काळी ही खबर नणंदेच्या अंगणापर्यंत जाऊन संध्याकाळी परत आली असती. आता नणंदेच्या नातीने रामरावांचा फोटो शोधून त्याला मोबाइलमध्येच हार घातला आणि सगळ्या गोतावळ्याला पाठवला. नणंदेचा मुलगा गजेंद्र खराच भाबडा. त्याने रडत रडत सूर्यभानला फोन केला. "सूर्यभानभाऊ, आमचे मामा गेले हो! आई भुईवर पडून रडून राह्यली. आमाले येता येत नाही, रस्त्यात पोलीस हायेत. तुमी भोंग्यावर सांगून द्या. गर्दी करू नका म्हना फक्त."

सूर्यभान नियमाप्रमाणे गेला. बांबूजवळ ऑटो थांबवली. रामरावांच्या दारात पार्वताबाई बसलेली, पदर डोळ्यांना लावलेला, आणि खरोखर रडत होती. ती कावळ्याच्या भीतीने रडत होती हे त्याला कुठून कळावं? त्याने टोपी काढली, लांबूनच हात जोडले. तिने घाबरून मान फिरवली. सूर्यभानला पुरावा मिळाला.

मी ओट्यावर होते. पलीकडून भोंगा स्वच्छ ऐकू आला. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, येथील प्रतिष्ठित शेतकरी श्री. रामरावजी गावंडे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले आहे. अंत्यविधी शासनाच्या नियमानुसार..."

इथे भोंग्यातून दुसराच आवाज आला. "काय झालं बे मले?"

झोपेतून उठून रामराव बनियनवर बांबूपर्यंत आले होते. माइक चालूच राहिला, त्यामुळे पुढचं सगळं गावाने ऐकलं.

"रामरावजी... तुमी?"

"मी नाई तं कोन? मी मेलो कवा? आन् आजार कोन्ता होता मले?"

"अल्पसा," सूर्यभानच्या तोंडून निघून गेलं.

मागून पार्वताबाईचा आवाज. "अवो, आत या! दिवस मावयल्याबिगर तुमाले बाहीर दिसू द्याचं नाई!"

गाव कितीतरी दिवसांनी हसलं. खरं सांगते, मीही पोट धरून हसले. त्या महिन्यात भोंग्यावरून मेलेला एक माणूस परत आला होता, ही गोष्ट लहान नव्हती. रामराव चार दिवस भडकलेले होते, पाचव्या दिवसापासून त्यांना मजा यायला लागली. भेटेल त्याला सांगायचे, "मेल्याची बातमी उठली का आयुष्य वाढते. आता पाहा तुमी, शंभरी गाठतो."

वाढलं रामरावांचं आयुष्य, पण सूर्यभानच्या शब्दाचं मात्र संपलं. तो म्हणाला, उद्या नळ येणार नाहीत. चौकातल्या चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, "रामरावासारखं असन," आणि कुणी पाणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी नळ आले नाहीत, तेव्हा शिव्या पुन्हा यालाच. एवढ्यावर भागलं असतं तर त्याने ते हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात एक कापड दुकानदार खरोखर गेला. सूर्यभानने घोषणा केली आणि त्या माणसाच्या बायकोला दिवसभर फोन येत राहिले. "वहिनी, खरंच का? का रामरावांसारखं?" नवरा गेल्याचं त्या बाईला प्रत्येकाला पटवून द्यावं लागलं. हे सूर्यभानला कळलं, तेव्हा त्याने ऑटो घरामागे लावली, भोंग्यांवर पोतं टाकलं आणि माइक पंचफुलाच्या मशीनच्या खणात ठेवून दिला.

"आता नाई," म्हणाला. "अर्धं पाहून बोललो, त्याची सजा हाय हे."

मे गेला, जून आला. लाट ओसरली आणि लस आली. पहिल्यांदा मिळत नव्हती तेव्हा लोक पहाटेपासून रांगा लावत होते. मिळायला लागली तशी कुणालाच नको झाली. टपरीवर रोज वाद. एक म्हणे, लस घेतली का दोन वर्षांत मानूस खलास. दुसरा म्हणे, मर्दानगी जाते. तिसरा म्हणे, अमेरिकेत सारे घेऊन राह्यले. त्यावर पहिला, "मंग तू अमेरिकेत जाय नं, अठी काहून बसला?" आमचे बाबा ओट्यावरून ओरडायचे, "अरे, देवी गेल्या त्या कशानं गेल्या?" तिकडून उत्तर यायचं, "गुरुजी, देवी गेल्या नाईत, कोपल्या हायेत!" मी कान बंद करून घरात यायची. या गावात अपील चालतं, निकाल कधीच लागत नाही.

समोरच्या शाळेत लसीकरण सुरू झालं. तिथली नर्स हर्षा, मूळची अकोल्याची, रिकाम्या वर्गात दिवसभर बसून असायची. एका बाटलीत दहा जणांची लस असते, एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेली फेकायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय ती बाटली फोडायची नाही आणि दहा माणसं काही जमायची नाहीत. शेवटी नगरपालिकेचा माणूस सूर्यभानकडे आला. भोंगा काढ, लोकांना बोलाव.

"मी घेतली नाई तं दुसऱ्याले कसं सांगू?" सूर्यभान म्हणाला.

"मग घे ना."

यावर सूर्यभान भोंग्यांवरचं पोतं नीट करत बसला. तो लस का घेत नाही हे गावात फक्त पंचफुलाला माहीत होतं आणि तिने ते माझ्या ब्लाउजचं माप घेताना मला सांगून टाकलं. लहानपणी याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हाची ती पोटातली चौदा इंजेक्शनं याने अमरावतीला राहून घेतली होती, आणि दर वेळी चार माणसांनी धरून. तेव्हापासून सुई दिसली की मोठा माणूस पांढरा पडतो.

"आणि तू? तू का नाही घेत?" मी विचारलं. "तुला दमा आहे, तुला तर पहिल्यांदा घ्यायला हवी."

"बचत गटात सांगून राह्यल्या का दम्यावाल्याचा श्वासच बंद पडते म्हनून." तिने टेप गळ्यात टाकली, थोडी थांबली, श्वास घेतला. "यायनं घेतली तं मी घेईन. हे घेत नाईत, मले बरंच हाय."

मला राग आला. एकाने भीतीपायी बायकोला थांबवायचं आणि दुसरीने त्याच भीतीचा आडोसा घ्यायचा, हा कुठला संसार? मी तिला बरंच काही सुनावलं. ती ऐकून घेत हूक लावत राहिली.

जुलैत पावसाळी हवेने तिचा दमा उसळला. डॉक्टर घरी येऊन गेले, आणि जाताना सूर्यभानला अंगणात नीट झापलं. आता हिला तो आजार झाला तर मी काही करू शकणार नाही, लस द्या, आजच द्या. सूर्यभान आत आला. मी तिचा दम्याचा पंप आणून द्यायला गेले होते, तिथेच उभी होते. पंचफुला पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, भाजीला काय आणू विचारावं तसं विचारलं,

"मी गेली तं भोंग्यावर तुमीच सांगसान का?"

सूर्यभानने पंप उचलून तिच्या हाताशी ठेवला.

"तुमच्याबिगर गावात दुसरा कोनी सांगनारा नाई," ती म्हणाली. "आन् तुमच्यानं ते होनार नाई. म्हनून म्हनलं. मी तशीच जाईन, कोनाले काई मालूम नाई."

तो बाहेर निघून गेला. मला वाटलं, पळाला. मागच्या बाजूने पोतं ओढल्याचा आवाज आला, मग ऑटोचा. तो परत आत आला, मशीनच्या खणातून माइक काढला आणि तिच्याकडे न बघता गेला.

त्या दिवशी बाबा सकाळपासून शाळेत बसून होते. त्यांच्या दुसऱ्या डोसचा दिवस होता आणि आणखी नऊ माणसांची वाट पाहून त्यांचा जीव कावला होता. मी त्यांना न्यायला गेले तर फाटकात सूर्यभानची ऑटो उभी. भोंग्यांची तोंडं गावाकडे, माइकची लांब वायर खिडकीतून वर्गात गेलेली.

"हे काय?" हर्षा म्हणत होती. "लसीकरणात माइक चालत नाही."

"ताई, मले टोचा. पन माइक चालू ठेवून टोचा. गावाले आयकू द्या."

"दोघंच आहात हो तुम्ही. बाटली फोडून काय करू?"

"फोडा!" बाबा खुर्चीतून गरजले. "मी सकाळपासून बसलोय. उरली तर मलाच सगळी द्या."

हर्षाला हसू आलं. रोज रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून ती कंटाळलेली होती. तिने बाटली उचलली. सूर्यभानचा चेहरा तेवढ्यानेच पिठासारखा झाला. त्याने माइक तोंडाजवळ नेला.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मी सूर्यभान वानखडे, शाळेत खुर्चीवर बसलो आहे. परिचारिका ताईंनी सुई काढली आहे. सुई लहान आहे." त्याने सुईकडे पाहिलं. "तेवढी लहान नाही."

चौकातला गलका थांबला होता. मला खिडकीतून दिसत होतं, टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले होते.

"आता ताई जवळ येऊन राहिल्या आहेत. आता त्यांनी दंड धरला आहे. आता... ओ माय वं!"

आणि माइक हातातून पडला. धाडकन मोठा आवाज, मग शिट्टी, मग काहीच नाही. सूर्यभान खुर्चीतच कलंडला होता. लस नीट लागली होती, माणूस मात्र भीतीने चक्कर येऊन पडला होता. हर्षाने त्याला बाकावर आडवं केलं, पाय वर घेतले, मी तोंडावर पाणी मारलं. "काही नाही, घाबरलेत फक्त," हर्षा म्हणाली. पण हे गावाला कसं कळणार? गावाने "ओ माय" ऐकलं होतं आणि नंतर भोंगा गप्प झाला होता.

त्याला शुद्ध आली तेव्हा फाटकाशी गर्दी होती आणि गर्दी बाजूला सारून पंचफुला आत येत होती. पायात चपला नाहीत, केस सुटलेले, छाती भात्यासारखी हलत होती. सकाळी पलंगावरून उठायची ताकद नव्हती तिच्यात. ती दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. शब्द फुटायला श्वास नव्हता.

सूर्यभान उठून बसला. त्याने बायकोकडे पाहिलं, खिडकीबाहेर जमलेल्या गावाकडे पाहिलं आणि खाली पडलेला माइक उचलून फुंकर मारली.

"आयका हो," तो म्हणाला. घोषणा करताना त्याने रेडिओची भाषा पहिल्यांदाच आपणहून सोडली होती. "सूर्यभान वानखडे जित्ता हाय. मी सोता पाह्यला."

बाहेर हशा पिकला. कुणी शिट्टी मारली. त्या गर्दीतून रामराव पुढे आले, शर्टाची बाही वर करत. "काहो नर्सबाई, मेल्या मानसाले टोचाची सोय हाय का तुमच्याकडं?" त्यांच्या मागे पार्वताबाई, पदर तोंडावर घेऊन, सूर्यभानच्या नजरेला नजर न देता. त्यांच्या मागे टपरीवरचा तो दोन वर्षांत खलासवाला. माणसं रांगेत लागायला लागली.

हर्षाने आधी पंचफुलाला बसवून पंप दिला, श्वास जागेवर येऊ दिला, छाती तपासली. मग विचारलं, "काकू, तुम्ही?"

पंचफुलाने खुर्ची ओढली आणि दंड पुढे केला. "टोचा. पुन्हा एवढं धावनं माह्याच्यानं होत नाई."

टोचून झालं. ती हूं की चूं न करता बसून राहिली. हर्षाने तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ समोर बसवून ठेवलं. सूर्यभान तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्या छातीकडे, ओठांकडे, नखांकडे पाहत होता. रांग पुढे सरकत होती, बाबांचं टोचून झालं होतं, बाटली संपून दुसरी फोडली होती, तरी तो जागचा हलला नाही. शेवटी हर्षाच म्हणाली, "ठीक आहेत त्या. न्या घरी."

मग त्याने माइक घेतला. उभा राहिला, टोपी काढली. सवयच ती.

"कळविण्यात येते की," भोंगा म्हणाला, "येथील रहिवासी श्री. सूर्यभान वानखडे यांच्या पत्नी, सौ. पंचफुलाबाई..."

अख्खी रांग जागच्या जागी गार झाली. त्या सुरात, त्या शब्दांत आजवर एकच बातमी आलेली होती. त्याच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण तो थांबला. शेकडो मरणं सांगताना कधी न हललेला त्याचा आवाज हलायला लागला.

"पंचफुलानं लस घेतली," तो कसाबसा म्हणाला. "माह्या समोर बसून हाय. श्वास चालू हाय. मी पाहून राह्यलो. मी पाहूनच राह्यलो." पुढे त्याला बोलता येईना, म्हणून त्याने माइक छातीशी धरला आणि सगळ्या दर्यापूरने त्याचं रडणं ऐकलं. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या मी पुसल्या नाहीत.

पंचफुलाने उठून त्याच्या हातातून माइक घेतला, बटण शोधून बंद केला आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"साऱ्या गावात माह्यं नाव घेतलं," ती म्हणाली. फाटकापर्यंत गेली, श्वासासाठी थांबली आणि मागे वळली. "मी मेली का असंच सांगजा. पन आधी नीट पाहून घेजा."